नागपुरात गाडी लो करायची? स्प्रिंग घ्यायच्या आधी हे वाचा, मग पैसे काढा

"भाऊ, गाडी लो करायची आहे, वीस हजार आहेत, कोणती स्प्रिंग घेऊ?" लो करायची म्हणजे आखूड स्प्रिंगा टाकून गाडी जमिनीजवळ आणायची. दर दोन-चार दिवसांनी कोणता ना कोणता पोट्टा हे विचारतोच, आणि उत्तरं देणारेही लगेच ब्रँडची नावं फेकायला लागतात. ब्रँड नंतर बघू राजेहो. वीस हजारात स्प्रिंगा येतात, वीस हजारात गाडी लो होत नाही. स्प्रिंग हा एकूण बिलाचा साधारण अर्धाच भाग असतो, उरलेला अर्धा शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर), टॉप माउंट (शॉकअपला वर बॉडीशी जोडणारा भाग), बंप स्टॉप (चाक फार वर जाऊ नये म्हणून लावलेला फोमचा ठोकळा), बुश (जोडांमधलं रबर), मजुरी आणि अलाईनमेंटमध्ये (चाकांचे कोन जुळवण्यात) जातो, आणि बजेट कमी असलं की लोक नेमका हाच अर्धा भाग गाळतात. मग गाडी दिसते झक्कास पण चालते बैलगाडीसारखी, आणि सहा महिन्यांत परत उंच करून ओएलएक्सवर "सेट विकणे आहे" टाकतात. हे कमी पैशात करायचंय त्याच्यासाठीच खालचं सगळं आहे. ज्याच्याकडे लाखभर रुपये मोकळे आहेत त्याने सरळ चांगले कॉईलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट) घ्यावे आणि सेटिंगचा अनुभव असलेल्या माणसाकडून बसवून घ्यावे, त्याला एवढं वाचायची गरज नाही.

पहिलं काम टेपचं

एक पैसाही खर्च करायच्या आधी मेजरिंग टेप घ्या, गाडी सपाट जागी लावा (सोसायटीचं पार्किंग बहुतेक उताराचंच असतं, पेट्रोल पंपाची फरशी बरी पडते), टायरमध्ये बरोबर हवा भरा आणि चारही चाकांना हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मधोमधपासून वर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंतचं अंतर मोजून मोबाईलमध्ये लिहून ठेवा. जमिनीपासून फेंडर मोजू नका, कारण टायर बदलला किंवा हवा कमी झाली की ते माप बदलतं, हबपासूनचं बदलत नाही. डावीउजवीकडे पाच-सात मिलिमीटरचा फरक निघाला तर घाबरायचं नाही, पण पंधरा-वीस निघाला तर एखादी स्प्रिंग बसलेली आहे नाहीतर जुना ॲक्सिडेंट आहे, आणि आधी ते बघायचं.

मग गाडीखाली डोकं घालून सगळ्यात खाली लटकणारी वस्तू शोधा. कुठे ती इंजिनाचं चेंबर (खालची ऑईलची टाकी) असते, कुठे क्रॉस मेंबर (खालची आडवी पट्टी), कुठे सायलेन्सरचा पाईप. ब्रोशरमधला ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा असतो. स्विफ्टचा १६३ मिमी लिहिलेला आहे, पण चौघं बसले, डिकीत बॅगा भरल्या की मागची बाजू चांगलीच खाली बसते, हे कोणी धरतच नाही.

आता आपले स्पीड ब्रेकर बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोल उंचवट्याचा ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १०० मिमी उंच असायला पाहिजे असं आहे. स्विफ्टचा व्हीलबेस २४५० मिमी, म्हणजे असा नियमातला ब्रेकर गाडीच्या दोन चाकांमधल्या अंतरापेक्षा लांब असतो आणि गाडी मधोमध आली तेव्हा पुढची-मागची दोन्ही चाकं उंचवट्यावरच असतात. हिशेब करून बघितला तर पोटाखालची जागा फक्त ४४ मिमीच्या आसपास कमी होते. म्हणजे ३० मिमी लो केलेली स्विफ्ट नियमातल्या ब्रेकरवरून आरामात जाते. पण आपल्या गल्लीत काय असतं? उरलेल्या डांबराची टोपली ओतून केलेला फूटभर रुंदीचा ढिगारा. त्याच्यावर चाकं पुढे निघून जातात आणि ढिगारा पुरा गाडीच्या पोटाखाली येतो, म्हणजे तो १२० मिमी उंच असेल तर पुरे १२० मिमी गेले. १६३ मधून ३० गेले, राहिले १३३, त्यात माणसं बसल्यावर बसणारी उंची काढा, उरलं काय ते तुम्हीच सांगा.

म्हणून पहिला सल्ला असा की तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट ब्रेकर आणि सगळ्यात वाईट रॅम्प शोधा आणि किती लो करायचं ते त्याच्यावर ठरवा. बेसा, मनीषनगरकडच्या नवीन फ्लॅट स्कीममध्ये पार्किंगचे रॅम्प असे उभे असतात की साधी गाडीसुद्धा नाक घासते. सिमेंट रोडचं तर सगळ्यांना माहितीच आहे, रोड वर आणि गल्ली खाली, त्या काठावर पुढचा बंपर टेकतो. ऑफिस वर्धा रोडवर आणि घरही मेन रोडला असेल तर ३० मिमी चालून जाईल. घर जुन्या वस्तीत आत असेल, इतवारी-महाल साईडला रोजचं जाणं असेल तर २५ च्या वर जायचंच नाही. गाडीत आठवड्यातून चार वेळा आईबाबा, पोरंबाळं बसत असतील तर मी म्हणेन गाडी लो करूच नका, नवीन शॉकअप टाका आणि टायर बदला, त्याच्यावर खाली लिहिलंय.

स्प्रिंग कापणे

जरीपटका काय, कामठी रोड काय, कुठेही एखादा मिस्त्री भेटतोच जो म्हणतो "काहून एवढे पैसे घालता, पाचशे रुपयात एक वेढा कापून देतो." गाडी खाली येते, हाव, खरंच येते. कडकही होते, कारण स्प्रिंगचा कडकपणा कामाच्या वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो, सहा वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग २० टक्के कडक. म्हणून कापणारा म्हणतो की बघा, परफॉर्मन्स स्प्रिंग झाली.

पण शेवटचा वेढा उगाच तसा बनवलेला नसतो. बऱ्याच गाड्यांत स्प्रिंगचं टोक आत वळवून किंवा सपाट करून सीटमधल्या (स्प्रिंग जिथे टेकते त्या बशीतल्या) खाचेत बरोबर बसेल असं केलेलं असतं. ग्राइंडरने कापलेलं टोक त्या खाचेत बसत नाही, एका बिंदूवर दाब देतं, सीटचं रबर खातं आणि वळताना टक-टक आवाज करतं. त्याहून वाईट म्हणजे मागची बाजू. आपल्या बहुतेक हॅचबॅकना मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) असतो, त्यात स्प्रिंग शॉकअपवर चढवलेली नसते, बीम आणि बॉडीच्या मध्ये वेगळी उभी असते आणि नुसत्या दाबावर जागेवर राहते. कापून आखूड केली की एखाद्या ब्रेकरवर गाडी उसळते, चाक खाली लटकतं आणि स्प्रिंग सैल पडते. सैल पडलेली स्प्रिंग परत जागेवरच बसेल याची गॅरंटी काहीच नाही. तापवून बसवायचा प्रकार तर त्याहून बेकार, गॅसने लाल केल्यावर स्टीलचा ताव उतरतो, मग ती स्प्रिंग रोज थोडीथोडी बसत राहते आणि एक दिवस मोडते. हे दोन्ही प्रकार फुकट करून दिले तरी घ्यायचे नाहीत.

लोअरिंग स्प्रिंग घेताना काय बघायचं

आपल्या बजेटमध्ये खरा पर्याय हाच. आयबाख, एच अँड आर, कोब्रा अशी नावं ऐकलेली असतीलच. गाडीप्रमाणे सेटची किंमत साधारण १५ ते ३० हजारांच्या मध्ये कुठेतरी येते. ब्रँडपेक्षा मी तीन-चार दुसऱ्याच गोष्टी विचारायला लावीन.

एक, स्प्रिंग तुमच्याच मॉडेलची, तुमच्याच इंजिनाची आहे का. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड असतं, त्यामुळे एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेलच्या पुढच्या स्प्रिंगा बऱ्याचदा वेगळ्या असतात. डिझेलच्या स्प्रिंगा पेट्रोलला लावल्या तर पुढून गाडी खाली येतच नाही आणि हबके बसतात, पेट्रोलच्या डिझेलला लावल्या तर नाक जमिनीला. सेकंडहँड सेट घेताना हे शंभर टक्के विचारा, आणि स्प्रिंगवरचा पार्ट नंबर फोटोत मागून घ्या. रंग बघून घेऊ नका, लाल रंग कोणीही मारतो.

दोन, सीएनजी. डिकीतली साठ लिटरची टाकी, तिचा ब्रॅकेट मिळून साठ किलोच्या वर वजन मागे कायमचं बसलेलं असतं. त्याच्यावर मागे आखूड स्प्रिंग टाकली तर ती गाडी लो दिसत नाही, लोड भरलेली छोटा हत्ती दिसते. सीएनजी असेल तर हा विषय सोडून द्या.

तीन, किती खाली. विक्रेता ४०-५० चा सेट दाखवेल कारण फोटोत तो भारी दिसतो. समजा गाडी उभी असताना चाकाला वर जायला, म्हणजे बंप स्टॉपला टेकेपर्यंत, ७० मिमी जागा आहे. ३५ खाली केली की निम्मी संपली. आता तोच खड्डा निम्म्या जागेत पचवायचाय म्हणजे स्प्रिंग कडक पाहिजेच, आणि म्हणूनच चांगल्या लोअरिंग स्प्रिंगा नुसत्या आखूड नसतात, कडकही असतात. तारेच्या जाडीचा यात फार मोठा वाटा आहे, तार ५ टक्के जाड केली तरी कडकपणा २१-२२ टक्क्यांनी वाढतो कारण जाडीचा चौथा घात लागतो. स्वस्तातली कॉपी स्प्रिंग हातात धरली की ओरिजिनलसारखीच वाटते ती यामुळेच, अर्धा मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही पण बंप स्टॉपला पहिल्याच दिवशी कळतो.

चार, प्रोग्रेसिव्ह की लिनिअर. प्रोग्रेसिव्हमध्ये काही वेढे जवळजवळ असतात, ते आधी दाबले जाऊन एकमेकांना टेकतात आणि मग उरलेली स्प्रिंग कडक लागते. रोजच्या वापराला प्रोग्रेसिव्ह बरी, बारीक खडबडीवर थोडी मऊ राहते. लिनिअर ट्रॅकवाल्यांना आवडते कारण तिचा अंदाज पक्का येतो. नागपुरात रोज कोण ट्रॅकवर जातंय.

आणि अजून एक गोष्ट जी विकणारा सांगत नाही. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेली पुढची जोडणी) लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) कंपनीतून साधारण आडवा किंवा बाहेरच्या बाजूला थोडा खाली झुकलेला असतो. गाडी जास्त खाली आणली की आर्मचं बाहेरचं टोक वर चढतं, आणि मग बॉडी जितकी खाली आली त्यापेक्षा गाडीचा रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) जास्त खाली जातो. म्हणजे स्प्रिंग कडक केली नाही तर लो गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त झुकू शकते. स्टिअरिंगचा टाय रॉडही (चाक वळवणारा दांडा) वाकड्या कोनात जातो आणि खड्ड्यात चाक वरखाली झालं की गाडी स्वतःहून किंचित वळते. २५-३० मिमीपर्यंत हा त्रास फार जाणवत नाही, ५० ला चांगलाच जाणवतो. बजेटवाल्याने ३० ला थांबायचं कारण रस्ता आहेच, पण खरं कारण हे आहे. ५० ला नीट चालवायचं तर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, आर्म असं सगळं बदलत जावं लागतं आणि बजेट गेलं तेल लावत.

शॉकअप, खरा खर्च इथं

मी तर म्हणेन वीस हजार असतील तर आधी शॉकअपचा विचार करा. स्प्रिंग गाडी धरते आणि दाबलेली ताकद परत फेकते, त्या फेकण्याला आवरायचं काम शॉकअपचं. कंपनीचा शॉकअप कंपनीच्या स्प्रिंगच्या हिशेबाने बनवलेला असतो. कडक स्प्रिंग लावली की त्याला आधीपेक्षा जास्त आवरावं लागतं, आणि तो जर ७०-८० हजार किलोमीटर चाललेला असेल तर आवरणं त्याच्या हातातच राहिलेलं नसतं. मग गाडी ब्रेकरनंतर दोन-तीन वेळा डुलते, सिमेंट रोडच्या प्रत्येक जॉइंटवर धडधड करते, आणि मालक सगळ्यांना सांगत फिरतो की लोअरिंग स्प्रिंग बेकार असतात.

जुना शॉकअप तपासायचा तर नुसता बोनेट दाबून बघणं पुरेसं नाही. एकदम गेलेला कळतो, अर्धवट गेलेला कळत नाही. दांड्यावर आणि बॉडीवर ओलं तेल धरून त्याच्यावर माती बसलीय का ते बघा, डस्ट कव्हर वर सरकवून बंप स्टॉपचा फोम भुगा झालाय का बघा (झालेला असतोच, गाडी सात-आठ वर्षांची असेल तर हात लावला की हातात येतो), आणि टायरवर हात फिरवा, थोड्याथोड्या अंतरावर खळगे लागले तर चाक उड्या मारत चाललेलं आहे. तेल बाहेर असेल किंवा गाडी ६० हजारांच्या पुढे असेल तर नवीन शॉकअप नक्की धरा. गॅब्रिएल, मोनरो किंवा कंपनीचा ओरिजिनल, हॅचबॅकला चारही मिळून दहा-पंधरा हजारांच्या आसपास जातं, मोठ्या गाडीला जास्त. २५-३० मिमीच्या प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगला नवीन स्टॉक (कंपनीच्या मापाचा साधा) शॉकअप बऱ्यापैकी चालतो. फार वर्षं टिकेल असं म्हणत नाही, दांडा कायम आतल्या अर्ध्या भागात काम करत राहतो, पण बजेटमध्ये ही जोडी सगळ्यात समंजस.

पैसे थोडे वाढवता येत असतील तर लोअरिंगसाठीच बनवलेला शॉकअप घ्या. बिल्स्टाईनमध्ये बी६ आणि बी८ अशा दोन लाईन आहेत, बी६ स्टॉक लांबीचा, बी८ आखूड बॉडीचा, खास लो स्प्रिंगांसाठी. ऑनलाईन घेताना लोक इथेच गडबडतात, बी६ स्वस्त दिसला म्हणून उचलतात. तुमच्या गाडीसाठी मिळतोय का ते आधी बघा, कारण मारुती-ह्युंदाईच्या भारतातल्या बऱ्याच मॉडेलना हे सरळ मिळत नाही, पोलो-व्हेंटोवाल्यांची मजा आहे.

स्वस्तातले कॉईलओव्हर

आजकाल पन्नास-साठ हजारात नाव नसलेले कॉईलओव्हर मिळायला लागलेत, "३२ क्लिक ॲडजस्टेबल" लिहिलेलं असतं आणि पोट्टे खुश. क्लिक किती यावरून काही ठरत नाही, पहिल्या क्लिकपासून शेवटच्या क्लिकपर्यंत फरक पडतो का आणि चारही शॉकअपचा फरक सारखा पडतो का हे महत्त्वाचं, आणि ते मशीनवर टाकल्याशिवाय कळत नाही. बघायचं असेल तर दोन गोष्टी बघा. उंची कमी करायला स्प्रिंगची खालची बशीच खाली न्यावी लागते, की खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो? पहिल्या प्रकारात गाडी खाली गेली की चाकाची वर जायची जागा तेवढी कमी होते. दुसऱ्यात शॉकअपची बॉडीच आत-बाहेर होते आणि प्रवास तसाच राहतो. दुसरी गोष्ट, एक शॉकअप लीक झाला तर तो एकटा मिळतो का, रिपेअर होतो का. नाही म्हणाले तर उठा तिथून.

आणि आपल्याकडची धूळ. जून-जुलैत चिखल, मग वाळून सिमेंट होतो, आणि ज्या आट्यांवर उंची ॲडजस्ट करायची त्या वर्षभरात जाम. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी पावसाळ्याआधी आट्या घासून अँटी-सीझ (आट्या जाम होऊ न देणारी पेस्ट) लावायची, नाहीतर ॲडजस्टेबलचे पैसे दिले आणि गाडी एकाच उंचीवर गोठली.

बसवताना मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहायचं

मजुरी साधारण तीन ते पाच हजार घेतात, घेऊ द्या, पण काम बघा. पुढचा स्ट्रट बाहेर काढून स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबूनच वरचा नट खोलायचा. ज्याच्याकडे कॉम्प्रेसर नाही, दोरी आणि पान्यावर काम चालतं, तिथून गाडी परत आणायची, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जाऊ शकतो. टॉप माउंट आणि बेअरिंग खोललेलंच आहे तर नवीन टाका, ते पुन्हा काढायला तीच मजुरी परत द्यावी लागते. बंप स्टॉप स्प्रिंगच्या डब्यात आला असेल तर तोच, नसेल तर स्प्रिंगवाल्याने जेवढा कापायला सांगितला तेवढाच कापायचा. काढून फेकायचा तर अजिबात नाही, तो गेला की शॉकअपचा पिस्टन खाली आपटतो आणि महिन्याभरात सील फाटतं. स्प्रिंगचं टोक खाचेत बरोबर टेकलंय का ते बोटाने चाचपून बघा, बघायला पाच सेकंद लागतात.

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट मात्र बुशची. गाडी जॅकवर असताना चाकं लटकलेली असतात आणि मिस्त्री त्याच स्थितीत लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बोल्ट फुल टाईट करून टाकतो. रबर बुश ज्या कोनात टाईट होतो तो त्याचा शून्य कोन. गाडी खाली उतरली की बुश कायम पिळलेला राहतो, गाडी किंचित उंच बसते, आणि बुश लवकर फाटतो. हे बोल्ट आधी ढिले ठेवून, गाडी चाकांवर उतरवून, दोन-चारदा दाबून, मग रॅम्पवर किंवा पिटवर फुल टाईट करायचे. "स्प्रिंग लावल्या पण गाडी खालीच गेली नाही" म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचं उत्तर इथं असतं.

आता अलाईनमेंट. त्या दिवशी एकदा करायचीच, आणि स्प्रिंगा थोड्या बसल्या की पाचशे-सातशे किलोमीटरनंतर परत. आधीचा आणि नंतरचा प्रिंट मागून घ्या, नुसतं "हो गया भैया" वर पैसे देऊ नका. गाडी खाली गेली की पुढच्या चाकांचा कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाकाचा आत-बाहेर झुकाव) थोडा निगेटिव्ह होतो, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकतो, तो बऱ्याच गाड्यांत ॲडजस्टच होत नाही (कॅम्बर बोल्ट वेगळे मिळतात), पण टायर खाऊन टाकतो तो कॅम्बर नाही, टो (वरून बघितल्यावर चाकांची तोंडं आत की बाहेर वळलेली आहेत ते). टो बिघडलेला असेल तर टायर आतल्या काठाने झिजतो आणि बाहेरून अगदी नवा दिसतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतल्या काठावर हात फिरवा, करवतीसारखे दात लागले की समजायचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, शिवमडक्यावरून समृद्धी महामार्गावर चढले आणि १२० ची लिमिट आहे म्हणून तासन्‌तास सिमेंटवर १२० ने चालले, आणि आतला काठ तारेपर्यंत झिजलेला आहे, तर पुढे काय होतं ते सांगायला नको. समृद्धीवर जाणाऱ्या लो गाडीवाल्याने टायरचा आतला काठ हाताने बघितल्याशिवाय निघूच नये. हेडलाईटचा फोकसही परत सेट करा, मागचं-पुढचं सारखं खाली गेलं नसेल तर बीम समोरच्याच्या डोळ्यात जातो.

मग चार मित्र बसवा, स्टिअरिंग फुल वळवून हळू एका ब्रेकरवरून तिरकी गाडी काढा, आणि फेंडरच्या आतल्या प्लॅस्टिकवर काळा घासलेला पट्टा आला का ते बघा. ब्रेक होज आणि एबीएसची वायर कुठे ओढली जात नाही ना तेही तेव्हाच.

लो न करता लो दिसणं

याला कोणी भाव देत नाही पण बजेटमध्ये हा सगळ्यात सुखाचा रस्ता आहे. बहुतेकांना खटकतो तो चाक आणि फेंडरमधला रिकामा गाळा. टायरवरच्या आकड्यात पहिली रुंदी मिमीत, मग साईडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यात, आणि शेवटी रिम इंचात. स्विफ्टचा १८५/६५ आर १५ टायर आणि १९५/५५ आर १६ टायर, दोघांची बाहेरची उंची जवळजवळ सारखीच, ६२१ मिमीच्या आसपास. म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही, क्लिअरन्स जात नाही, पण रिम मोठी झाल्याने चाक भरलेलं दिसतं. त्याच रिमवर १९५/५० टाकला तर उंची ६०१ होते, गाडी एक सेंटीमीटर खाली येते, आणि स्पीडोमीटर तीन टक्के जास्त दाखवतो. मी १९५/५५ वर थांबेन, खड्ड्यात रिम वाकण्यापासून वाचवायला तेवढी साईडवॉल लागते. सोबत चार नवीन शॉकअप टाका, गाडीत असा फरक पडतो की अर्ध्या लोकांची लो करायची हौस तिथेच फिटते.

पैशांचा हिशेब

वीस हजारच असतील तर शॉकअप, बुश, अलाईनमेंट करा आणि उरलेले ठेवून द्या, स्प्रिंग दिवाळीला. पस्तीस ते पंचेचाळीस हजारांत हॅचबॅकचं ३० मिमीपर्यंतचं काम नीट होतं, स्प्रिंगा, नवीन स्टॉक शॉकअप, टॉप माउंट, मजुरी, दोन वेळची अलाईनमेंट सगळं धरून. साठ-सत्तर हजार असतील तर स्प्रिंग आणि आखूड स्पोर्ट शॉकअपची जोडी. त्याच पैशात येणाऱ्या बेनाम कॉईलओव्हरपेक्षा ही जोडी कधीही बरी, यावर माझं मत काही बदलणार नाही.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या कंपनीच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठासून सांगितलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमात न बसणाऱ्या बदलाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. नंबरप्लेट एमएच ३१ असो, ४० असो की ४९, नियम एकच. इन्शुरन्स कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी सर्व्हेअर काढतोच, आणि वॉरंटीतल्या गाडीचं सस्पेन्शन बदललं तर त्या भागाची वॉरंटी विसरा. वॉरंटी संपेपर्यंत थांबलेलं बरं.

पावसाळ्याचं एक राहिलं. नरेंद्रनगरच्या पुलाखाली किंवा लोहापुलाखाली पाणी भरलं की एसयूव्हीवाले घुसतात आणि त्यांच्या मागे आपणही घुसतो. ३० मिमी लो गाडीत हवा ओढणारा पाईपही तेवढाच खाली आलेला असतो, आणि समोरून येणाऱ्या बसची लाट काही ३० मिमीची नसते. तिथून वळायचं, दोन किलोमीटर फिरून जायचं.

काढलेल्या जुन्या स्प्रिंगा मिस्त्रीच्या भंगारात टाकू देऊ नका, त्याला त्या हव्या असतात आणि तुम्हालाही. पुढची-मागची, डावी-उजवी मार्करने लिहून, रबर सीटसकट पोत्यात बांधून माळ्यावर टाका. गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा आधी चेंबर वाकून बघतो आणि मग विचारतो, "ओरिजिनल स्प्रिंगा हायेत का भाऊ?"